रात्री दीडची गभरामण

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ५२. आम्ही दोघं समा भागात तळमजल्यावर राहतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा तीन रात्री वरच्या शेजाऱ्यांकडे काढल्या. लाइट नव्हते. मी दर तासाला टॉर्च घेऊन जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते बघून यायचे. पुढे घर सावरलं, फ्रिज-सोफा नवे आले, मीही सावरले असंच वाटत होतं. मग दिवाळीनंतर एका रात्री अचानक जाग आली. छातीत नुसती धडधड, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, दरदरून घाम. आता आपण जातोय अशी खात्रीच वाटली. स्वप्न वगैरे काही पडलेलं नव्हतं. मिस्टरांनी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. 'गॅस आहे, टेन्शन घेऊ नका' असं सांगून घरी पाठवलं. त्यानंतर नऊ वेळा असं झालं, साधारण साडेबारा ते दीडच्या दरम्यान. आता उशाशी बीपीचं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि जिभेखाली ठेवायची गोळी असते. दिवा चालू ठेवून, तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपते. अकरा वाजत आले की पोटात गोळा येतो. झोपेत तर माणूस निवांत असतो, मग झोपेत टेन्शन येतं कुठून? हे हार्टचं नाही कशावरून? आणि मला वेड तर लागत नाहीये ना?

— एक वाचक, समा, बडोदे

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुम्ही सगळ्यात घाबरत लिहिलाय असं मला वाटतं. नाही, वेड लागत नाहीये. वेडाकडे नेणारी ही पायरीसुद्धा नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि तो झोपेतही येतो. आपण बडोद्याची मराठी माणसं सर्रास 'गभरामण होते' म्हणतो, माझ्याकडे येणाऱ्या गुजराती बायका 'मूंझारो' म्हणतात. ज्यांना हा त्रास असतो त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोकांना कधी ना कधी तो झोपेतून उठवतो. पण रात्रीची गोष्ट सकाळी सांगायला लाज वाटते, म्हणून प्रत्येकीला वाटतं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

तुमचं पत्र वाचताना मला माझे वडील दिसले. बाबाजीपुऱ्यातल्या घरात मी शाळकरी असताना कधी रात्री जाग आली, तर ते ओट्यावर बसलेले असायचे. शेजारी पाण्याचा तांब्या. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं आणि नजर दारातून आत, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे. पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारानं गुणायचे, पुन्हा मोजायचे. 'दादा, काय होतंय?' म्हटलं तर 'उकडतंय' म्हणायचे, मग तो जानेवारी का असेना. त्यांना बरीच वर्षं हृदयाची औषधं चालू होती. हृदय चांगलं होतं, ते ८१ वर्षांचे होऊन गेले. पण त्या हृदयावर रात्र-रात्र पहारा देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र नाव आलं ते १९८० मध्ये. आमच्या ओट्यावर ते पोचायला आणखी बराच काळ गेला. मी या शाखेत आले त्याला ते एक कारण आहे, आणि तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर देण्यालाही.

आता झोपेत टेन्शन येतं कुठून ते पाहू. झोपेत आपण सगळेच्या सगळे झोपत नाही. नवरात्रात गरब्याचे लाउडस्पीकर मध्यरात्रीपर्यंत वाजतात, त्यात आई गाढ झोपते. पण शेजारचं बाळ नुसतं कुरकुरलं तरी तिला जाग येते. म्हणजे मेंदूचा एक कोपरा जागा असतो आणि कशावरून उठायचं, कशावरून नाही, हे तो ठरवत असतो. बाळाच्या जागी स्वतःचं शरीर ठेवा. हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरताना श्वास मंदावतो, नाडी उतरते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो. हे सगळ्यांच्या बाबतीत रोज रात्री घडतं. ज्याचा तो कोपरा जास्त सावध झालेला असतो, त्याला एवढासा बदलही धोका वाटतो. तो सगळं घर उठवतो, अॅड्रेनॅलिन सुटतं आणि तुम्ही धडधडत उठून बसता. डोनाल्ड क्लाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९९३ मध्ये असं मांडलं की मेंदूतली गुदमरण्याची घंटा अशा लोकांत खोटीच वाजते. त्याचं म्हणणं सगळ्यांनी जसंच्या तसं स्वीकारलेलं नाही. पण कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तर पॅनिकच्या रुग्णांना इतरांपेक्षा सहज झटका येतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

म्हणूनच तुमची वेळही जुळते. अकराला झोप लागते आणि साडेबारा-दीडला जाग येते. झोपेतला पॅनिक बहुधा पहिल्या एक ते तीन तासांत, गाढ झोपेत शिरण्याच्या त्या उंबऱ्यावर येतो. दुःस्वप्नं जास्त करून पहाटेकडे पडतात आणि उठल्यावर आठवतात. तुम्ही लिहिलंय की स्वप्न नव्हतं. पुराचं पाणी, ती पायऱ्यांची टॉर्च असं काही स्वप्नात पुन्हा पुन्हा येत असतं, तर मी वेगळा विचार केला असता. जाग आल्यावर शरीर हलवताच येत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, तो तिसरा प्रकार. लोक त्याला 'बाहेरचं' म्हणतात, पण तो झोपेचाच एक गोंधळ असतो आणि थोड्याच वेळात सुटतो.

पुराशी याचा धागा नुसत्या पत्रावरून मी ठामपणे जोडणार नाही. पण तीन रात्री तुम्ही दर तासाला उठून पाणी मोजलंत. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण पाणी खरंच चढत होतं. पाणी ओसरलं. तो पहारा मात्र तुमच्या शरीरानं उठवला नसावा. आता ते पायऱ्यांऐवजी नाडी मोजतंय.

हार्टचं नाही कशावरून, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगलं केलंत. एका ईसीजीवर हा विषय संपवू नये, आणि 'गॅस आहे' म्हणून तर मुळीच नाही. तुमच्या वयाच्या बाईला हार्टचा त्रास नेहमीच्या वर्णनासारखा होईलच असं नसतं. म्हणून एकदा, फक्त एकदाच, पण नीट तपासून घ्या. फिजिशियनकडून ईसीजी, गरज वाटली तर इको आणि चोवीस तास अंगावर लावायचा होल्टर. थायरॉइड वाढलं की धडधड आणि घाम येतो, म्हणून टीएसएच. हिमोग्लोबिन. तुम्हाला डायबेटीस असेल आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्या वेळेला साखर ७० च्या खाली जातेय का ते ग्लुकोमीटरवर बघा. कमी साखरेचा घाम आणि पॅनिकचा घाम सारखाच दिसतो. ५२ व्या वर्षी पाळी जाताना रात्री अंगातून वाफा आल्यासारखं होतं, तेही डॉक्टरांना सांगा. मिस्टरांना विचारा की तुम्ही घोरता का, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा वाटतो का. तसं असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी हवी. आणि जेवण कधी होतं? रात्री साडेदहाला तिखट सेव-उसळ खाऊन अकराला आडवं झालं, की आम्ल वर येऊन घशाशी जळजळतं, आणि त्यानंही माणूस गुदमरल्यासारखा उठतो.

एक गोष्ट कागदावर लिहून फ्रिजवर लावा. चालताना, जिना चढताना छातीत दुखणं, कळ जबड्यात किंवा हातात जाणं, शुद्ध हरपणं, आडवं झालं की दम लागून बसल्यावर बरं वाटणं आणि पावलांवर सूज, किंवा पंधरा मिनिटांत न ओसरणारं छातीतलं दुखणं. यातलं काही झालं तर पॅनिक की काय याचा विचार करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

हे सगळं तपासून झालं आणि काही निघालं नाही, असं धरून पुढचं लिहिते, आणि खरा मुद्दा इथेच आहे. तुमच्या उशाशी जे सामान आहे, तेच हा आजार टिकवून धरतंय. तुम्हाला ते वाचवतंय असं वाटतं, हे मला कळतं. पण बघा. झटक्यात माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्यातूनच मुंग्या, चक्कर, छाती आवळल्यासारखं वाटणं हे सगळं येतं. ऑक्सिजन कमी झालेला नसतोच. पण हात गार पडलेला असला की ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, आणि तो ९१ बघितला की पुढचा तास गेला. बीपी त्या वेळी वाढलेलंच असणार. चार जिने धावत चढल्यावरही वाढतं. जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. त्यानं बीपी उतरतं, डोकं ठणकतं आणि नाडी उलट जोरात पळू शकते. ती तुम्हाला हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल, तर त्यांच्याशी बोला. कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी 'असू द्या' म्हणून दिली असेल, तर आजच उशाखालून काढा.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. झटका दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. शरीर त्या वेगानं फार वेळ पळूच शकत नाही. पण त्या वेळात तुम्ही गोळी घेतली, मशीन लावलं, खुर्चीत जाऊन बसलात, की मेंदू हिशेब करतो : मी वाचले, कारण गोळी घेतली. काहीच केलं नसतं तरी वाचले असते, हे त्याला कधी कळतच नाही. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये असं मांडलं, की धडधडीचा अर्थ माणूस 'मरण' असा लावतो, त्यानं धडधड आणखी वाढते आणि मग तो अर्थच खरा वाटायला लागतो.

रात्री जाग आली की पाय जमिनीवर टेकवा. फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्या. लोक 'खोल श्वास घे' म्हणतात, तो सल्ला इथे उलटा पडतो, कारण हवा आधीच जास्त आत गेलेली असते. सोडण्याकडे लक्ष द्या. नाकानं चार मोजेपर्यंत हलका श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. कागदाच्या पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. खरंच हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असला, तर तो धोक्याचा ठरतो. मनात एकच वाक्य म्हणा, तुमच्या भाषेत. माझ्या एका पेशंट बाई म्हणायच्या, 'आलीस? बस. दहा मिनिटांनी जाशील.' नाडी मोजायची नाही. ओसरलं की त्याच रात्री, त्याच पलंगावर, दिवा मालवून पुन्हा आडवं व्हायचं. खुर्चीत उजाडेपर्यंत बसून राहिलात, तर पलंग ही धोक्याची जागा ठरते. बहुतेकांना एका रात्रीत हे एकदाच होतं, तेवढा धीर धरा.

सामान एकदम काढू नका. या आठवड्यात बीपीचं मशीन हॉलच्या कपाटात. पुढच्या आठवड्यात ऑक्सिमीटर वरच्या शेजाऱ्यांकडे. मग एक उशी, मग दिवा. शेवटचा चहा दुपारी चारला. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. रात्री कितीही जागरण झालं तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप तुटत राहिली की झटके वाढतात, म्हणजे झोपेच्या भीतीनं जागं राहणं हे त्यांनाच खतपाणी घालणं आहे.

तुम्हाला कोणी ध्यान करा, शवासन करा असं सांगितलं असेल, आणि ते करताना उलट घाबरायला झालं असेल, तर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजू नका. रात्रीचा पॅनिक असलेल्यांना शरीर सैल सोडायलाच भीती वाटते, कारण सैल सोडण्याच्या क्षणीच झटका आलेला असतो. त्यावरचा उपचार वेगळा आहे. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ दिवसाउजेडी, तुमची तब्येत तपासून, मुद्दाम ती धडधड आणवतात. एक मिनिट जागच्या जागी पळायचं, खुर्चीत गोल फिरायचं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. पहिल्यांदा रडू येतं. दहाव्यांदा शरीराला कळतं की धडधड म्हणजे फक्त धडधड. हा सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा, भाग आहे. साधारण दहा-बारा बैठका लागतात, आणि रात्रीच्या झटक्यांवरही ती चालते. गरज पडली तर एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी) औषधं देतात. ती अगदी कमी डोसपासून सुरू करतात, कारण पहिला आठवडा-दोन आठवडे अस्वस्थता थोडी वाढू शकते. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि रात्री दीडला कोणाशी बोलावंसं वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास.

प्रश्न : (याच पत्राच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं) मी तिचा नवरा. त्या वेळी मी काय करायचं? धरून बसू, पाणी देऊ, की रिक्षा बोलावू? मला स्वतःलाच धडधडायला लागतं.

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. शेजारी बसा. हात तिच्या हाताखाली ठेवा, घट्ट धरू नका, धरल्यानं आणखी गुदमरतं. 'घाबरू नकोस' म्हणू नका आणि 'छातीत दुखतंय का, डावीकडे दुखतंय का' हेही दर मिनिटाला विचारू नका. तुम्ही स्वतः सावकाश, ऐकू येईल असा श्वास सोडा. ती आपोआप त्या लयीत येईल, आणि तुमचीही धडधड बसेल. मशीन तिनं मागितलं तर 'दहा मिनिटांनी बघू' म्हणा. रिक्षा कधी बोलवायची, १०८ ला फोन कधी करायचा, हे दिवसा दोघांनी मिळून त्या फ्रिजवरच्या कागदावरून ठरवून ठेवा, म्हणजे रात्री वाद होणार नाही. आणि तिच्यावर नजर ठेवत जागत पडू नका. घरात आधीच एक माणूस पहाऱ्यावर आहे.

प्रश्न : वय २७, मकरपुरा जीआयडीसीत शिफ्टची नोकरी. असंच रात्री उठायचो. मित्रानं सांगितलं म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलाम ०.५ ही टेन्शनवरची गोळी आणून आठ महिने रोज घेतोय. आता एक दिवस चुकली तरी जास्त त्रास होतो. एकदम बंद करू का?

उत्तर : नाही. एकदम मुळीच बंद करू नका. आठ महिने रोज घेतल्यावर अचानक थांबवलं, तर फिटसुद्धा येऊ शकते. एक दिवस चुकल्यावर जो त्रास होतो, त्यात तुमचा मूळ आजार किती आणि गोळी उतरल्याची ओढ किती, हे आता तुम्हाला वेगळं करता येणार नाही. या गोळीचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे दोन डोसांच्या मधेच पुन्हा गभरामण सुरू होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थोडी थोडी, काही आठवडे किंवा महिने लावून कमी करतात, आणि मूळ त्रासाचा उपचार सोबतच सुरू करतात. तोपर्यंत दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेची वेळ रोज बदलू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे या आठवड्यातच जा, आणि जाताना गोळ्यांची पट्टी खिशात घेऊन जा. दिवसाला किती घेता ते खरं सांगा, मित्राकडून घेतलेल्याही धरून.